रांगेतली कामं आणि वेळेवरची कामं



जून-जुलैत महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रवेशाचं शुल्क भरलं, की पडद्यावर एक चक्र गरगरत राहतं. तेवढ्या वेळात पलीकडचा सर्व्हर पावतीची पीडीएफ बनवतो, एसएमएस धाडतो, ईमेल करतो, लेखा विभागाच्या यादीत नाव चढवतो. यातल्या एकाही कामासाठी विद्यार्थ्याला ताटकळत ठेवायचं कारण नाही. पैसे आल्याची नोंद झाली की त्याला मोकळं करावं, उरलेली कामं रांगेत टाकावीत आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने ती मागून उरकावीत. रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे मेसेज क्यू, कामं उरकणारा तो वर्कर, आणि ठरल्या वेळी काम सुरू करून देणारा शेड्युलर. यासाठी ओपन सोर्स साधनं ढिगानं आहेत. त्यातलं कुठलं घ्यावं, हे आज बोलू.

मेसेज क्यूची कल्पना बाजारात आणणाऱ्यांपैकी एक मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे. 1980 च्या दशकात त्यांच्या टेकनेक्रॉन कंपनीने शेअर बाजारातले भाव दलालांच्या पडद्यावर पोहोचवणारी प्रणाली केली. ती विकत घ्यायची होती आणि वित्तसंस्थांनाच परवडणारी होती. पुढे 2003 मध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेतच जॉन ओ'हारा यांनी सर्वांना वापरता येईल अशा खुल्या नियमावलीचं काम सुरू केलं. तिचं नाव एएमक्यूपी. त्या नियमांवर 2007 मध्ये रॅबिटएमक्यू आलं. ते अर्लँग भाषेत लिहिलंय, आणि ही भाषा एरिक्सन कंपनीने टेलिफोन एक्स्चेंज बंद पडू नयेत म्हणून घडवलेली. रॅबिटचा टिकाऊपणा तिथून आलाय.

रॅबिटमध्ये काम वर्करकडे गेलं तरी लगेच पुसलं जात नाही. "झालं" अशी पोच वर्करने दिली की मगच पुसतात. वर्कर मध्येच कोसळला तर तेच काम दुसऱ्याला मिळतं. पुन्हापुन्हा फसणारं काम वेगळ्या रांगेत काढून ठेवायचीही सोय आहे. एक मेख मात्र लक्षात ठेवा. पोचेची वाट रॅबिट मुळात 30 मिनिटंच बघतं. तुमचा अहवाल तयार व्हायला तासभर लागत असेल आणि ही मुदत वाढवली नसेल, तर तुमचा वर्कर राबत असतानाच तेच काम पुन्हा रांगेत येऊन बसतं.

काफ्का हा वेगळाच प्राणी आहे. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, जुन राव आणि आपल्या पुण्याच्या नेहा नारखेडे यांनी तो घडवला आणि 2011 मध्ये खुला केला.  काफ्का दुकानातल्या रोजकीर्दीसारखा चालतो. नोंदी एकाखाली एक होत जातात, वाचली म्हणून कुणी पान फाडत नाही. प्रत्येक वाचणारा आपली खूण आपण ठेवतो. नोंदी मुळात 7 दिवस राहतात. म्हणून एकच घटना लेखा विभाग, विश्लेषण आणि फसवणूक शोधणारी यंत्रणा अशा तिघांना हवी असेल, किंवा परवाच्या नोंदी पुन्हा वाचायच्या असतील, तर काफ्काला तोड नाही. पण दिवसाला दोन-चार हजार ईमेल पाठवायला काफ्का उभारणं ही निव्वळ हौस आहे. यंत्रं सांभाळा, नोंदींचे विभाग म्हणजे पार्टिशन आखा, शिवाय क्रम फक्त एका विभागापुरताच पाळला जातो हे ध्यानात ठेवा. 2025 च्या चौथ्या आवृत्तीत झूकीपर नावाचं काफ्कासोबत चालवावं लागणारं वेगळं लोढणं गेलं, तेवढा भार हलका झाला.

पायथॉन लिहिणारी आपली बहुतेक मुलं रांग ठेवायला रेडिस आणि कामं वर्करकडून करून घ्यायला सेलेरी ही जोडी घेतात. मांडायला सोपी, वेगाने चालणारी. पण माहितीपत्रकातली बारीक अक्षरं कुणी वाचत नाही. सेलेरी मुळात काम सुरू करण्याआधीच पोच देऊन टाकते. वर्कर मध्येच मेला, तर काम गेलं. ही पोच उशिरा देण्याचा पर्याय आहे, तो आपण निवडावा लागतो. दुसरं, रांग रेडिसवर असेल तर पोच नसलेलं काम तासाभराने पुन्हा वाटलं जातं. "तीन तासांनी स्मरणपत्र पाठव" असं सांगून ठेवलं, की तासातासाला तेच काम नव्याने वर्करच्या हाती पडतं आणि एका माणसाला तीच आठवण अनेकदा जाते.

रेडिसचा परवानाही मार्च 2024 मध्ये बदलला. त्यातून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की ही शाखा निघाली, आणि मे 2025 मध्ये रेडिसने पुन्हा एक खुला परवाना जोडला. साधन फुकट मिळतं म्हणून परवाना न वाचता घेऊ नये, एवढं यातून कळतं.

आता वेळेचं काम. युनिक्समधला क्रॉन हा शेड्युलर 1970 च्या दशकातला, आणि आजही उत्तम. त्याचा आपल्याकडचा नेहमीचा घोळ घड्याळाचा आहे. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर चालतात. तुम्ही मध्यरात्री 12 चा हिशेब लावता, तो आपल्याकडे पहाटे साडेपाचला निघतो. मध्यरात्र हवी असेल तर तिथे संध्याकाळचे 18:30 लिहावे लागतात. पण त्या क्षणी सर्व्हरची तारीख अजून आदलीच असते. "कालचा जमाखर्च काढ" असं प्रोग्रॅमला सांगितलंत, तर तो परवाचा काढून देईल. म्हणून तारीख नेहमी भारतीय वेळेनुसार मोजून घ्या. वीज गेली आणि वेळ टळली, तर साधा क्रॉन ते काम नंतर करत नाही. सिस्टमडी टायमरला तसं सांगून ठेवता येतं. एकाचं झाल्यावर दुसरं, दोन्ही झाली तर तिसरं, अशी साखळी असेल तर एअरबीएनबीत 2014 मध्ये जन्मलेलं एअरफ्लो बघा. एकट्यादुकट्या कामाला ते जड पडतं.

माझं मत विचाराल तर लहान संस्थेने, पतपेढीने, तालुक्याच्या गावातल्या सॉफ्टवेअर कंपनीने सुरुवात यातल्या एकाही नावाजलेल्या साधनाने करू नये. पोस्टग्रेस डेटाबेस बहुधा असतोच. त्यातच कामांची एक सारणी ठेवा. 2016 मध्ये आलेल्या 9.5 आवृत्तीपासून 'स्किप लॉक्ड' ही सोय आहे. एका वर्करने उचललेलं काम दुसरा सोडून देतो आणि पुढचं घेतो. शुल्काची नोंद आणि पावतीचं काम एकाच व्यवहारात लिहिता येतं. दोन्ही होतील, नाहीतर एकही नाही. ही खात्री वेगळ्या क्यूबरोबर मिळवायला बरीच खटपट पडते. हे अपुरं पडलं की रॅबिट, आणि एकाच घटनेचे वाचक वाढले की काफ्का.

साधन कुठलंही घ्या, एखादं काम कधी ना कधी दोनदा होणारच असं धरून चाला. प्रत्येक कामाला स्वतःचा क्रमांक द्या, तो डेटाबेसमध्ये एकदाच लिहिला जाईल असं बंधन घाला आणि पैसे परत करण्याआधी तो तपासा. एसएमएस दोनदा गेला तर लोक हसतील. परतावा दोनदा गेला तर वसूल करताना नाकी नऊ येतील.

तेव्हा निवड पक्की करण्याआधी एक करा. चाचणीच्या सर्व्हरवर शंभर कामं रांगेत टाका, अर्ध्यात वर्करची प्रक्रिया सरळ मारून टाका, पुन्हा सुरू करा आणि किती झाली, किती हरवली, किती दोनदा झाली ते मोजा. मगच खऱ्या विद्यार्थ्यांचे पैसे त्या रांगेवर सोपवा.