मुलांच्या हाती कॅमेरा



शाळेत कॅमेरा येतो तो बहुधा समारंभाच्या दिवशी. ध्वजवंदन, गणवेशवाटप किंवा स्नेहसंमेलन असले की मुलांना रांगेत उभे केले जाते, छायाचित्र निघते आणि ते अहवालाला जोडले जाते. अशा छायाचित्रांत मुले दिसतात. परंतु मुलांना काय दिसते, ते त्यांत कोठेच नसते. प्राथमिक शाळेतील मुलांना कॅमेरा शिकविण्याचे खरे प्रयोजन ही उणीव भरून काढणे हे आहे.

मुलांसाठी कॅमेरा ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने १९०० साली 'ब्राउनी' हा खोकेवजा कॅमेरा अवघ्या एका डॉलरला विक्रीस आणला, तो मुलांना नजरेसमोर ठेवूनच. त्याच्या एका फिल्मवर मात्र सहाच चित्रे निघत आणि ती धुण्याचा खर्च निराळा असे. चूक महाग पडे. याच कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरण्यास त्याला २३ सेकंद लागत. आजच्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश संवेदकावरील लक्षावधी बिंदूंवर मोजला जातो आणि चित्र क्षणात पडद्यावर उमटते. चूक तत्काळ दिसते आणि पुन्हा प्रयत्न करण्यास वेगळा खर्च येत नाही. शिकणाऱ्या मुलाला हा लाभ मोठाच आहे.

तथापि, याच सोयीमुळे न पाहताच बटण दाबण्याची सवय लागते. म्हणून पहिला पाठ कॅमेऱ्याविना द्यावा. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून मुलांनी तीतून परिसर न्याहाळावा; काय आत घ्यावे व काय वगळावे, हे ठरवावे. त्यानंतर कॅमेरा हाती द्यावा. पट्टा मनगटात अडकविणे, कोपरे अंगाशी धरणे, प्रकाश कोठून येतो ते पाहणे आणि बटण अर्धे दाबून चित्र स्पष्ट होऊ देणे, एवढ्या चार गोष्टी आरंभी पुरेशा आहेत. प्रत्येकाला पाचच चित्रांची मर्यादा घालावी. त्यांतले एक निवडून, ते का निवडले हे मुलाने वर्गाला सांगावे.

विषय शोधण्यास दूर जावे लागत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची चित्रे रोज टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुचित्रपट सिद्ध केला. कोणत्याही शाळेत मटकीचा वा वालाचा दाणा पेरून, ठरलेल्या जागेवरून व ठरलेल्या वेळी रोज एक चित्र घेता येईल. परिसर अभ्यासाचा याहून जिवंत पाठ दुसरा कोणता?

भाषेच्या शिक्षणासही याचे साहाय्य होते. वेंडी इवाल्ड या अमेरिकन छायाचित्रकर्तीने केंटकी राज्यातील डोंगराळ भागात मुलांना छायाचित्रण शिकविले. स्वतः, कुटुंब, प्राणी आणि स्वप्ने हे त्यांचे विषय होते. मुलांची छायाचित्रे व त्यांच्याच शब्दांतील कथने १९८५ मध्ये ग्रंथरूपाने आली. पुढे गुजरातमधील एका खेड्यातही त्यांनी असेच काम केले. ही मुले फिल्मच्या कॅमेऱ्यावर शिकली. साधन बदलले, तरी पद्धती तीच उपयोगी पडते. निबंधाच्या वहीपुढे अडणारे मूल स्वतः काढलेल्या चित्राविषयी चार वाक्ये आपखुशीने लिहिते.

एक शिस्त मात्र प्रथमपासून लावावी. ज्याचे चित्र घ्यावयाचे, त्याची अनुमती विचारावी. त्याने नकार दिल्यास कॅमेरा खाली घ्यावा. मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीवाचून समाजमाध्यमांवर जाऊ नयेत, ही जबाबदारी शिक्षकांची.

पाच मुलांत एक साधा कॅमेरा असला तरी काम भागते. खरी कसोटी पुढे आहे. मुलांच्या चित्रांत फुले येतील, गुरे येतील, आजीचे हातही येतील; त्याचबरोबर शाळेचे गळके छप्पर आणि कोरडा नळही येईल. ती चित्रे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावण्याची आणि त्यांपुढे उभे राहून विचार करण्याची तयारी वडीलधाऱ्यांनी ठेवली, तर आपल्या पाहण्याला गावात किंमत आहे, हे मुलांना उमगेल. नागरिकत्वाचा पहिला धडा तोच होय.