डोक्यातल्या धुक्यावर आधी आपण हसू या

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं)



आज मी थकलेल्या हप्त्यांचं काही बोलणार नाही. तेव्हा मागं बसलेल्यांनीही बिनधास्त पुढं या.

चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा कुणी शोधलाय? मोबाईलच्या उजेडात मोबाईल कुणी शोधलाय? करा हात वर. बघा, निम्मी सभा झाली!

कधीमधी असं सगळ्यांचंच होतं. पण काही जणींचं रोज होतं. त्यातली मी एक. मला थायरॉईडचा त्रास आहे. थायरॉईड म्हणजे गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिचं काम मंदावलं की सगळं शरीरच मंदावतं. थकवा येतो, थंडी वाजते, वजन वाढतं, पाळी बिघडते आणि ओठावर आलेला शब्द मागं फिरतो. याला 'ब्रेन फॉग' म्हणतात, म्हणजे डोक्यातलं धुकं. पहाटे शेतात धुकं पडलं की बांध दिसत नाही, पण बांध असतो ना जागेवर? तशीच आपली अक्कल जागेवरच असते.

धुकं दाटलं की माझ्याकडं एकच शब्द उरतो: 'ते हे'. "ताई, ते हे घ्या आणि त्या ह्याच्यावर ठेवा." आणि तुम्ही बरोबर इतिवृत्ताचं रजिस्टर टेबलावर ठेवता! एक मावशी म्हणाल्या, "आमच्या सासूबाई तीस वर्षं असंच बोलतात, आम्हाला सवय हाय."

आता एका गटाच्या सचिव ताईंचं सांगते. त्यांनाही थायरॉईड, शिवाय अंगात रक्त कमी. हजेरी घेताना त्यांना सख्ख्या जावेचं नाव आठवेना. बायका हसल्या. घरी तर रोजच 'वेडी झालीस का' ऐकायचं. त्यांनी सचिवपद सोडायचं ठरवलं. पण पुढच्या बैठकीत त्याच उठून म्हणाल्या, "जावेचं नाव विसरले, पण तिचा हप्ता नाही विसरले!" सगळ्यात मोठ्यानं जाऊच हसली. ताई आजही सचिव आहेत.

तायांनो, हसणं दोन्ही वेळा होतं, पण फरक बघा. जिच्या डोक्यात धुकं, हसायचा पहिला मान तिचा. तिला हसलं तर ती गप्प होते, बैठक टाळते, तपासणीही टाळते. ती स्वतः हसली की बोलती होते, आणि बोलली की इलाजाची वाट सापडते.

म्हणून हसा, पण तपासणीही करा. विसराळूपणासोबत थकवा असेल तर टीएसएच आणि हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्या, चहा अर्ध्या-एक तासानं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी 4 तासांच्या अंतरानं. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. धुकं हळूहळू विरतं. तोवर सगळं लिहून ठेवा, पैसे दोघींनी मोजा. आपल्या गटाचा नियमच आहे तो.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. एकाएकी बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर लगेच 108 ला फोन करा.

पुढच्या बैठकीत हजेरीनंतर पाच मिनिटं ठेवा. प्रत्येकीनं महिन्यातलं आपलं 'ते हे' सांगायचं. आणि सांगता सांगता जिचे डोळे भरून येतील, तिला एकटीला दवाखान्यात पाठवू नका, सोबत जा.