आमच्याकडचा बटाटा



मंडळाने शेतीवर बोला म्हटले. आमच्या घरचा विषय एकच, बटाटा. बेळगावच्या आजूबाजूच्या तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत तो खरिपात, पावसाच्या पाण्यावर येतो. उत्तरेत हेच पीक थंडीत घेतात. जूनच्या पावसात लावलेला आमचा बटाटा गणपती-दसऱ्याच्या सुमाराला निघतो, आणि सणाचा खर्च त्याच्याच भरवशावर असतो.

नाव आपण पोर्तुगीजांकडून घेतले. हा शब्द मुळात रताळ्याचा, आणि आमच्या बांधापलीकडे रताळ्याचेच वेल आहेत. मंडईत कानडी गिऱ्हाईक ‘आलूगड्डे’ म्हणते. घासाघीस तेवढीच करते.

खरी गोष्ट बियाण्याची. आजोबा निवडलेली गोळी अंधुक उजेडाच्या खोलीत पसरून ठेवत. कोंब आखूड आणि जाड आला की बी तयार. पण उष्ण हवेत मावा विषाणू पसरवतो, आणि घरचे बी दोन-तीन वर्षांत उतरते. म्हणून पंजाबचे बी आले. १९६८ सालची कुफरी ज्योती आमच्या घरात अजून नावाने ओळखतात. एकरी ८ ते १० क्विंटल बी लागते. म्हणजे लावणीआधीच मोठी रक्कम मातीत. फोडी केल्या तर बी पुरते, पण आमच्या पावसात फोड कुजते. अंड्याएवढा अख्खा बटाटा लावा, असे म्हातारी माणसे सांगत, ते खरेच आहे.

शेणखत, सरी, महिन्याने मातीची भर, ही कामे ठरलेली. भर कमी पडली की उघडा पडलेला बटाटा हिरवा, कडू होतो. भीती असते ती झडीची. ढगाळ, गार, ओली हवा चार दिवस टिकली की पानावर काळे डाग, खालच्या बाजूला पांढरी बुरशी. हा करपा. याच रोगाने १८४५ पासून आयर्लंडमध्ये दुष्काळ आणला. फवारणी डाग दिसण्याआधी हवी. नंतरची बहुतेक मनाच्या समाधानाला.

काढणीला बैलांचा नांगर सरीत चालतो, बायका मागून वेचतात. म्हणून ऋषिपंचमीच्या भाजीत आमच्याकडे शेतातला बटाटा घालत नाहीत. बैलांच्या कष्टाचे त्या दिवशी चालत नाही. त्यासाठी परसात कुदळीने खणलेल्या दोन सऱ्या असतात. त्या बायकांच्या. बीही त्याच राखतात, आणि ते उतरले की शेतासाठी आणलेल्या पोत्यांतून चार मुठी हळूच बाजूला काढतात.

आता घरात दोन मते आहेत. धाकटे म्हणतात, बियाण्याला कर्ज, वेचायला माणूस नाही, शेजारच्या रानात प्लॉट पडले. आपणही विकून मोकळे होऊ. थोरले म्हणतात, तीन महिन्यांत पैसा फिरतो आणि रान रब्बीला रिकामे होते, असे दुसरे पीक दाखवा. आम्हाला दोघांचेही पटते, म्हणूनच भांडण मिटत नाही. यंदा तीन एकरांपैकी एकातच बटाटा लावला, उरलेल्यात रताळी. काढणी विसर्जनानंतर. भाव पाहून पुढचे ठरेल. परसातल्या दोन सऱ्या मात्र सुनांनी कुणाला न विचारता लावून टाकल्या.