शस्त्रक्रियेतील निळा दिवा



आमच्या युनियनमधील एका सोबत्याच्या मेंदूत गाठ झाली. शस्त्रक्रियेनंतर त्याच्या पत्नीने मला विचारले, "भाऊ, सगळी निघाली का हो?" मी गप्प राहिलो. तो प्रश्न घेऊन मी वाचावयास बसलो.

यंत्रमागाच्या कापडातील दोष पाहायचा तर ते दिव्यापुढे धरावे लागते. ग्लायोमा या मेंदूच्या कर्करोगाचीही तीच अडचण आहे. गाठ कोठे संपते, हे साध्या उजेडात नीट कळत नाही. कमी कापले तर रोग राहतो. जास्त कापले तर वाचा जाते, हात लुळा पडतो.

जर्मनीत वाल्टर स्टुमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय पारखला. शस्त्रक्रियेच्या काही तास आधी रोग्याला ५-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल पाजतात. गाठीच्या पेशींत त्यापासून पॉर्फिरिन साचते आणि निळ्या प्रकाशात ते लाल चमकते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, नंतरच्या तपासणीत गाठ उरलेली दिसली नाही असे रोगी साध्या उजेडात शेकडा ३६ होते, या रीतीने ६५. सहा महिने रोग न बळावलेले शेकडा २१ वरून ४१ झाले. एकूण आयुष्य मात्र ठळकपणे वाढलेले दिसले नाही.

म्हणजे हा चमत्कार नव्हे. दिवा फक्त दाखवतो. कोठे थांबावे, हे शल्यविशारदानेच ठरवायचे. परंतु हा दिवा कामगाराच्याही खाटेशी लागला पाहिजे, ही मागणी आपली आहे. त्या बाईच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याचा हक्क आहे.