रिपोर्ट नॉर्मल, थकवा कायम

चेन्नईचं म्हणून बातम्यांत सांगतात ते तापमान बहुतेक वेळा नुंगंबाक्कमच्या वेधशाळेतलं असतं. मे महिन्यात तिथे पारा चाळिशीच्या आसपास जातो. अशा उकाड्यातही थंडी वाजणारी, दोन जिने चढून गळून जाणारी माणसं या शहरात आहेत; ही थायरॉइडच्या कमतरतेची लक्षणं असू शकतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत मुंबई, गोव्यासोबत चेन्नईही होतं. तपासलेल्या प्रौढांपैकी सुमारे 11 टक्क्यांना थायरॉइडची कमतरता आढळली.

थायरॉक्सिनची गोळी सुरू होते, रक्तातलं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) मर्यादेत येतं. तरी शंभरात पाच-दहा जणांचा थकवा जात नाही. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून त्यांना परत पाठवणं हा अन्यायच आहे.

गोळी नीट शोषली जाते का, हे आधी पाहावं. थायरॉक्सिन अनशापोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायचं. फिल्टर कॉफी त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्ततपासणी. तरीही बरं वाटत नसेल, तर हिमोग्लोबिन, बी-12 आणि झोपेचं काय, हे डॉक्टरांना ठामपणे विचारा. मात्रा मात्र आपल्या मनाने वाढवू नका; जादा थायरॉक्सिनमुळे हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.