आग्र्याची छत्रीधारी सैनिकांची शाळा

विमानातून पॅराशूटच्या आधाराने शत्रूच्या पिछाडीस उतरणाऱ्या सैनिकाला पॅराट्रूपर किंवा छत्रीधारी सैनिक म्हणतात; भारतात त्याला उडीचे शिक्षण देणारी शाळा आग्रा येथे असून, शिकणारे बहुतांशी भूदलाचे असले तरी शाळा मात्र हवाई दलाची आहे. १९४१ मध्ये दिल्लीत सुरू झालेले हे शिक्षण पुढे रावळपिंडीजवळील चकलाला येथे गेले आणि फाळणीनंतर आग्र्यास आले.

येथे उडीचा अभ्यास जमिनीवरच सुरू होतो. विमानाच्या दारातून बाहेर कसे पडावे, आणि पाय व गुडघे जुळवून, आघात पोटरी, मांडी व कुशीवर जिरवीत कसे लोळावे, हे अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेतले जाते. छत्री सैनिकाने स्वतः उघडायची नसते. तिची पट्टी, जिला स्टॅटिक लाइन म्हणतात, विमानातील तारेत अडकविलेली असते व बाहेर पडणाऱ्याच्या वजनाच्या ओढीने छत्री उघडते. दगाफटका झालाच तर छातीवरची राखीव छत्री असते. सुमारे साडेबाराशे फुटांवरून पाच उड्या, त्यांतील एक रात्रीची, पार पडल्या की छातीवर पंखांचे चिन्ह लागते. २०१५ मध्ये महेंद्रसिंग धोनीने या उड्या मारल्या आणि शाळेचे नाव घरोघरी गेले. त्याआधीचा तिचा इतिहास मात्र फारसा कोणी विचारला नाही.

वास्तविक उडी हे केवळ रणांगणावर पोचण्याचे साधन आहे. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली, तेव्हा तिच्यात आलेली दुसरी पलटण मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची होती. ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली हीच पलटण बांगलादेशात टांगाइलजवळ उतरली, आणि लोहाजंग नदीवरील पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन तिने ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडली. दुसऱ्या दिवशी जमालपूरच्या बाजूने लढत आलेली पहिली मराठा पलटण तिला येऊन मिळाली, व १६ तारखेस छत्रीधारी मराठे ढाक्यात शिरले. उडी काही मिनिटांची होती; पूल रात्रभर राखणे हे खरे काम होते.

निमगाव केतकी, इंदापूर, बारामती या परिसरातील जे तरुण भरतीची तयारी करीत असतील, त्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी: आग्र्याच्या शाळेत थेट प्रवेश मिळत नाही. आधी सैन्यात दाखल व्हावे लागते, नंतर स्वेच्छेने नाव द्यावे लागते आणि कठोर चाचणीतून उतरावे लागते.