ऑपरेशन झालं, पुढे?

8 नोव्हेंबर 2014, शनिवार. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ, कित्येक महिने बंद पडलेल्या एका खासगी रुग्णालयात कुटुंब नियोजनाचं शिबिर भरलं. एकाच सर्जननं काही तासांत 83 बायकांची नसबंदी केली. त्याच रात्रीपासून उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या शिबिरांत ऑपरेशन झालेल्या डझनभराहून अधिक बायका दगावल्या. बहुतेकींच्या पदरात लहान मुलं होती. एका सर्जननं दिवसाला 30 च्या वर ऑपरेशनं करू नयेत, हा नियम तेव्हाही होता.

2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

पण म्हणून ऑपरेशनलाच घाबरून जाऊ नये. स्वच्छ थिएटर असेल, हात जाणता असेल आणि घाई नसेल, तर बीजवाहिन्या बंद करण्याची ही शस्त्रक्रिया बहुतेकींना सुखरूप पार पडते. तरीही भूल बाधू शकते, टाक्यात पू होतो, क्वचित आतड्याला किंवा मूत्राशयाला इजा होते. घरी आल्यावर ताप चढला, पोट फुगलं, उलटी थांबेना, तर ‘होईल बरं’ म्हणत अंथरुणावर पडून राहणं धोक्याचं.

दुसरा धोका काही वर्षांनंतरचा, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अमेरिकेत दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत, ऑपरेशननंतरच्या दहा वर्षांत हजारी सुमारे 18 जणींना पुन्हा दिवस गेले. त्यांतले जवळपास एक तृतीयांश गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजवाहिनीतच रुजलेले. अशी बीजवाहिनी फुटली की पोटात रक्त साचतं आणि जीवावर बेततं.

त्याच पाहणीत, तिशीपर्यंत ऑपरेशन केलेल्या पाचांतल्या एकीला पुढे पश्चात्ताप झाला. आपल्याकडे तर पंचविशीतच ‘आता उरकून घे’ म्हणतात. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींनी नसबंदीचा आधार घेतलेला होता. पुरुषांचा वाटा 0.3 टक्के. खरं तर पुरुषाचं ऑपरेशन जास्त सोपं, पोट उघडावं लागत नाही. हा भार एकट्या बाईवर टाकणं अन्यायाचं आहे.

ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली, तर ‘माझं तर ऑपरेशन झालंय’ म्हणून थांबू नये. आशाताईकडे लघवी तपासण्याचं ‘निश्चय’ किट मिळतं. गर्भ असल्याचं दिसलं, तर तो कुठे रुजलाय हे पाहायला लगेच सोनोग्राफी करावी. आणि ओटीपोटात एका बाजूला कळ येऊन चक्कर आली, तर तपासणीचीही वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा.